गाडीतलं पिस्तूल आणि राज्याची हद्द

(एपिसोडचं लेखी रूप. मधले ‘अं’ आणि ‘काय म्हणतात ते’ काढून टाकलेत, दोन-तीन ठिकाणी वाक्यं सरळ केलीत. बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून घेतलाय. तो टेक्ससमध्ये एमएस करतोय. प्रश्न असा: रूममेट अमेरिकन आहे, त्याच्या गाडीत पिस्तूल असतं. ग्रोसरीला दोघं त्याच गाडीनं जातात, आणि कधीकधी रूममेट गाडीची किल्ली यालाच देतो. “त्याचं पिस्तूल कायदेशीर आहे असं तो म्हणतो. मग मला काय होणार?”

रूममेट खरं बोलत असेलही. पण ‘त्याचं कायदेशीर’ आणि ‘तुझं कायदेशीर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज मुख्यतः त्याबद्दलच बोलू. आधीच सांगतो, मी कोड लिहितो, वकिली करत नाही. तुमच्यावर खरंच वेळ आली तर हा एपिसोड बंद करा आणि वकिलाला फोन लावा.

आपल्याकडे हा विषय कधी डोक्यातच येत नाही. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात, तो कुठल्या भागात चालेल हे परवान्यावरच लिहिलेलं असतं, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी खरं पिस्तूल पोलिसाच्या कमरेला सोडून कुठं पाहिलेलंही नसतं. अमेरिकेत तसं नाही. तिथं शस्त्राचे मूळ नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं, वर केंद्राचे काही कायदे आहेत, आणि त्याच्याही वर सुप्रीम कोर्ट राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती घेऊन बसलंय. तीन लेयर. आणि गाडी ही अशी वस्तू आहे की ती दोन तासांत एका राज्यातून दुसऱ्यात जाते.

गाडीचा घोळ मुळात हा आहे की ती घर आहे की रस्ता, यावर कायद्याचं कधीच एकमत झालं नाही. घरात शस्त्र ठेवण्याचा अधिकार अमेरिकेत सगळ्यात भक्कम मानला जातो. घराची झडती घ्यायची तर पोलिसाला साधारणपणे वॉरंट लागतं. पण १९२५ मध्येच, कॅरोल नावाच्या दारूबंदीच्या काळातल्या खटल्यात, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गाडी पळून जाऊ शकते, म्हणून सबळ कारण असेल तर वॉरंटशिवाय झडती चालेल. म्हणजे झडतीच्या बाबतीत गाडी रस्त्याच्या बाजूला झुकली. शस्त्राच्या बाबतीत मात्र कुठल्या बाजूला झुकेल हे राज्यावर अवलंबून आहे.

टेक्ससनं सरळ ‘घर’ म्हटलं. तेही लगेच नाही. पूर्वी तिथं पिस्तूल घेऊन फिरणं गुन्हा होता, अपवाद होता ‘प्रवासात असणाऱ्याचा’. आता प्रवासात म्हणजे काय? ह्यूस्टनहून डॅलसला निघाला तर प्रवास. आणि घरून ऑफिसला? याची व्याख्याच कायद्यात नव्हती. २००५ मध्ये विधिमंडळानं दुरुस्ती केली, तरी काही सरकारी वकील खटले भरतच राहिले. शेवटी २००७ मध्ये स्पष्ट झालं: स्वतःच्या किंवा स्वतःच्या ताब्यातल्या गाडीत परवान्याशिवायही पिस्तूल ठेवता येईल, पण ते उघड दिसता कामा नये, माणूस त्या वेळी कुठला गुन्हा करत नसावा (साध्या ट्रॅफिकच्या चुका सोडून), गुन्हेगारी टोळीचा सदस्य नसावा आणि त्याला शस्त्र बाळगायला कायद्यानं मनाई नसावी. ही शेवटची अट लक्षात ठेवा, आपल्या श्रोत्याचं सगळं उत्तर तिच्यातच आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये एकवीस वर्षांवरच्या माणसाला बाहेर फिरतानाही परवाना लागत नाही, आणि गाडीत पिस्तूल उघड दिसत असलं तरी ते होल्स्टरमध्ये असेल तर चालतं.

कॅलिफोर्नियात याच्या बरोबर उलट. परवाना नसेल तर पिस्तूल गाडीतून न्यायचं ते गोळ्या काढून, आणि डिकीत किंवा कुलूपबंद पेटीत. डॅशबोर्डचा खण ‘पेटी’ म्हणून धरत नाहीत, त्याला कुलूप असलं तरी. ही गोष्ट पुष्कळ लोकांना माहीत नसते, कारण सहज वाटतं की खणाला कुलूप लावलं म्हणजे झालं.

आणि मग व्हर्मॉंट. तिथं पिस्तूल बाळगायला कधीच राज्याचा परवाना लागला नाही. पण त्याच व्हर्मॉंटमध्ये रस्त्यावरच्या गाडीत गोळी भरलेली रायफल ठेवायला बंदी, कारण तो नियम शिकारीच्या कायद्यातून आलाय, लोकांनी गाडीत बसून हरणं मारू नयेत म्हणून. म्हणजे भरलेलं पिस्तूल चालेल, भरलेली रायफल नाही. ज्यानं जुन्या कोडबेसमध्ये काम केलंय त्याला हे पाहून घरच्यासारखं वाटेल. प्रत्येक ओळीला काहीतरी कारण आहे, पण ते कारण कुठल्यातरी दुसऱ्याच फाइलमध्ये आहे.

परवान्याचं चित्र गेल्या काही वर्षांत खूप बदललं. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ब्रुएन खटल्यात ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला. तोपर्यंत न्यू यॉर्कमध्ये लपवून पिस्तूल बाळगायचा परवाना हवा असेल तर तुम्हाला खास गरज सिद्ध करावी लागायची, ‘मला स्वसंरक्षण हवंय’ एवढं पुरेसं नसायचं. कोर्टानं ही अट रद्द केली, आणि तसेच नियम असलेल्या कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मेरीलँड वगैरे राज्यांनाही बदलावं लागलं. दुसरीकडे परवान्याची अटच काढून टाकणारी राज्यं वाढत गेली. २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना धरून ती २९ झाली.

हे ऐकून वाटेल की मग झालंच मोकळं. नाही. ब्रुएननं परवाना मिळणं सोपं केलं, पण एका राज्याचा परवाना दुसऱ्यानं मानावा असं काही म्हटलेलं नाही. ड्रायव्हिंग लायसन्स पन्नास राज्यांत चालतं, लग्नाचं सर्टिफिकेट चालतं, पिस्तुलाचा परवाना मात्र ज्या राज्यानं मान्य केला तिथंच. जुन्या मोबाइल प्लॅनसारखं आहे हे, रोमिंग काही सर्कलमध्ये आहे आणि काही सर्कलमध्ये नाही. फरक इतकाच की इथं रेंज गेली तर तुरुंग. सगळ्या राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत असं विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधी सभेनं मंजूर केलं होतं. सिनेटमध्ये ते अडकलं.

याची किंमत काय पडते ते बघा. फिलाडेल्फियातली एक सत्तावीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई. दोनदा लुटली गेली म्हणून तिनं पिस्तूल घेतलं, पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना काढला. ऑक्टोबर २०१३ मध्ये ती अटलांटिक सिटीकडे गाडीनं जात होती. फिलाडेल्फियाहून पूल ओलांडला की न्यू जर्सी लागतं, तिथून अटलांटिक सिटी साधारण तासाभरावर. पोलिसानं किरकोळ ट्रॅफिक कारणासाठी थांबवलं. तिनं स्वतःहून सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे, हा परवाना. अटक झाली. न्यू जर्सी पेनसिल्व्हेनियाचा परवाना मानत नाही, आणि न्यू जर्सीच्या कायद्यात या गुन्ह्याला सक्तीची किमान शिक्षा होती, तीन वर्षांहून कमी नाही. महिन्याहून जास्त ती तुरुंगात होती. प्रकरण देशभर गाजलं, सरकारी वकिलांनी वर्षभरानं भूमिका मऊ केली, आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. गाजलं म्हणून माफी मिळाली. न गाजलेल्यांचं काय होत असेल याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

यावर उपाय म्हणून केंद्राचा एक कायदा आहे, १९८६ चा. त्यात असं आहे की ज्या राज्यातून निघालात तिथं शस्त्र बाळगणं कायदेशीर आहे आणि जिथं पोचणार तिथंही कायदेशीर आहे, तर मधल्या राज्यातून ते नेता येईल, त्या मधल्या राज्याचा नियम काहीही असो. अट: गोळ्या काढलेल्या हव्यात, आणि शस्त्र व गोळ्या दोन्ही बसल्या जागेवरून हाताला लागता कामा नयेत. म्हणजे डिकीत. डिकी वेगळी नसेल, समजा एसयूव्ही आहे, तर कुलूपबंद पेटीत. पुन्हा तेच, डॅशबोर्डचा खण किंवा दोन सीटमधला कप्पा चालणार नाही.

म्हणजे हा कायदा शस्त्र ‘नेण्या’साठी आहे, ‘बाळगण्या’साठी नाही. कमरेला भरलेलं पिस्तूल लावून न्यू जर्सी ओलांडणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्या बाईच्या बाबतीत तर तिला जायचं होतं तेच न्यू जर्सीला.

आणि नियम पाळूनही माणूस कसा सापडतो त्याचं एक उदाहरण २००५ चं आहे. यूटाचा एक प्रवासी पेनसिल्व्हेनियाला निघालेला. पिस्तूल कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात, सगळं जाहीर करून. न्यूअर्कला त्याचं पुढचं विमान चुकलं. सामान त्याच्या ताब्यात आलं, रात्री तो हॉटेलात राहिला, सकाळी परत विमानतळावर जाऊन स्वतःहून सांगितलं की बॅगेत पिस्तूल आहे. अटक. त्यानं पुढं भरपाईसाठी दावा लावला, आणि २०१० मध्ये अपील कोर्टानं म्हटलं की रात्रभर हॉटेलात बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून १९८६ च्या कायद्याचं संरक्षण त्याला मिळत नाही. चूक एअरलाइनच्या वेळापत्रकाची, रेकॉर्ड याच्या नावावर. निकाल शब्दशः बरोबर असेल, मला तो पटत नाही.

राज्याच्या हद्दीशिवाय आणखी लहान हद्दी आहेत. सगळ्यात विचित्र म्हणजे शाळेची. केंद्राच्या कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत, म्हणजे जवळजवळ ३०५ मीटर, शस्त्र बाळगणं गुन्हा आहे. मूळ कायदा १९९० चा. सॅन अँटोनिओच्या एका बारावीतल्या मुलाच्या खटल्यात १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला, पण १९९६ मध्ये काँग्रेसनं शब्द बदलून परत आणला. आता कुठल्याही अमेरिकन शहराच्या नकाशावर प्रत्येक शाळेभोवती १००० फुटांचं वर्तुळ काढून बघा. मुख्य रस्ता एकाही वर्तुळात न शिरता शहर ओलांडणं जवळपास अशक्य. सूट कुणाला? ज्याच्याकडे ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याचा परवाना आहे त्याला, किंवा ज्याचं शस्त्र रिकामं आणि कुलूपबंद आहे त्याला. मग ज्या २९ राज्यांत परवान्याची गरजच नाही, तिथं परवाना न काढता पिस्तूल घेऊन गाडी चालवणारा माणूस राज्याच्या दृष्टीनं सज्जन आणि केंद्राच्या दृष्टीनं, शाळेवरून जाताना, गुन्हेगार. प्रत्यक्षात नुसत्या रस्त्यावरून गेल्याबद्दल सहसा कुणी खटला भरत नाही. पण गरज नसलेल्या राज्यांतही लोक परवाना काढतात, त्याचं हे एक कारण आहे.

पोस्ट ऑफिसचंही तसंच. टपाल खात्याच्या नियमानं त्यांच्या आवारात शस्त्र नको, आणि आवारात पार्किंग येतं. कोलोराडोतल्या एका माणसानं विचारलं, मी पिस्तूल गाडीत कुलूप लावून ठेवलं आणि पत्रं आणायला आत गेलो तर? २०१५ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं, तरीही नाही. या नियमावर कोर्टात वाद अजून चालूच आहेत.

गाडी पार्क करून पिस्तूल आत सोडून जाणं हा वेगळाच धोका. सॅन फ्रान्सिस्कोत २०१५ मध्ये एका केंद्रीय अधिकाऱ्याच्या गाडीतून पिस्तूल चोरीला गेलं, आणि चारच दिवसांनी त्याच पिस्तुलातून सुटलेल्या गोळीनं धक्क्यावर फिरायला आलेली एक तरुणी मेली. त्यानंतर कॅलिफोर्नियानं पोलिसांनाही गाडीत शस्त्र कुलपात ठेवायची सक्ती केली. कोलोराडोत १ जानेवारी २०२५ पासून असा नियम आहे की रिकाम्या गाडीत पिस्तूल ठेवायचं तर कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, नजरेआड, आणि गाडीही लॉक.

आता आपल्या श्रोत्याकडे येऊ. एफ-१, एच-१बी, एच-४, एल-१, म्हणजे ज्याला नॉन-इमिग्रंट व्हिसा म्हणतात त्यावर असलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्यानं शस्त्र आणि गोळ्या बाळगायला मनाई आहे. टेक्सस असो की व्हर्मॉंट. राज्य म्हणो ‘परवाना लागत नाही’, ते वाक्य तुमच्यासाठी लिहिलेलंच नाही. शिक्षा जून २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत आहे, आधी दहा होती. वर, शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की देशाबाहेर काढायचं कारण तयार होतं, आणि हे ग्रीन कार्डवाल्यांनाही लागू आहे, जरी शस्त्र बाळगायची मनाई त्यांना नसली तरी.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावर हमखास एक उत्तर येतं: शिकारीचं लायसन्स काढ, मग चालतं. कायद्यात हा अपवाद खरोखर आहे, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स असेल तर. पण तो फक्त केंद्राची एक मनाई उठवतो. राज्याचे नियम, गाडीचे नियम, शाळेचं वर्तुळ, हे सगळं जागेवरच राहतं. आणि लायसन्सची तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा गुन्हेगार. शनिवारी रेंजवर गंमत म्हणून जाणाऱ्यांनीही हे ऐकावं. २०१९ चा रेहाइफ खटला बघा. फ्लोरिडात स्टुडंट व्हिसावर आलेला एक मुलगा. कॉलेजातून काढून टाकल्यावर देश सोडला नाही आणि शूटिंग रेंजवर गेला, त्यावरून खटला झाला. सुप्रीम कोर्टानं ७ विरुद्ध २ नं सांगितलं की आपला दर्जा काय आहे हे त्याला ठाऊक होतं, हे सरकारनं सिद्ध करायला हवं. निकाल त्याच्या बाजूचा वाटतो, पण तिथपर्यंत पोचायला त्याला सुप्रीम कोर्ट गाठावं लागलं. आणि तुम्ही एच-१बीवर आहात हे तुम्हाला माहीत नव्हतं, असं तर तुम्ही म्हणूच शकणार नाही.

मग नुसतं शेजारी बसणं? ‘ताबा’ म्हणजे हातात असणंच नाही. शस्त्र तिथं आहे हे माहीत असणं, आणि त्यावर नियंत्रण ठेवायची ताकद व इरादा असणं, हेही ताब्यात मोडतं. दुसऱ्याच्या गाडीत त्याच्या कमरेला पिस्तूल आहे आणि तुम्ही बाजूला बसलात, एवढ्यानं साधारणपणे ताबा होत नाही. पण रूममेटनं किल्ली दिली, तुम्ही एकटेच निघालात, खणात पिस्तूल आहे आणि ते तुम्हाला माहीत आहे? तिथं माझ्या मते विषयच संपला. ती गाडी त्या दिवशी चालवायची नाही. ‘पिस्तूल घरी ठेव, मग किल्ली दे’ हे वाक्य बोलायला अवघड वाटत असेल तर उबर घ्या. उबरमध्ये तर कंपनीच्या नियमानं ड्रायव्हर आणि प्रवासी दोघांनाही शस्त्र आणायला बंदी आहे.

न्यू यॉर्कमध्ये शेजारी बसणंही महागात पडू शकतं. तिथं कायदा असं गृहीत धरतो की गाडीत शस्त्र सापडलं तर गाडीतल्या सगळ्यांच्याच ताब्यात ते होतं. अपवाद आहेत: शस्त्र कुणा एकाच्या अंगावर सापडलं, किंवा त्यातल्या एकाकडे पिस्तुलाचा वैध परवाना आहे, असं. पण टेक्ससचा परवाना न्यू यॉर्कमध्ये चालत नाही, हे आत्ताच बोललो. १९७३ मध्ये तिथल्या थ्रूवेवर वेगासाठी एक गाडी थांबवली. तीन पुरुष आणि सोळा वर्षांची एक मुलगी. मुलीच्या उघड्या पर्समध्ये दोन पिस्तुलं. दोषी ठरले चौघंही. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो गृहीतकाचा नियम त्या खटल्यात योग्य ठरवला. म्हणून डॅलसहून कुणाच्या गाडीतून नायगरा बघायला निघणार असाल तर निघण्याआधी एक प्रश्न तोंडावर विचारा, लाजू नका.

राहिला शेवटचा भाग, पोलिसानं गाडी थांबवली तर काय. शस्त्र आहे हे स्वतःहून सांगायचं की विचारल्यावर, यातही राज्यं वेगळी. मिशिगनमध्ये परवानाधारकानं लगेच सांगायला हवं. टेक्ससमध्ये ओळखपत्र मागितलं की, परवाना असेल तर, तोही सोबत दाखवायचा. मिनेसोटात विचारल्यावर. पोलीस तुम्हाला गाडीतून उतरायला सांगू शकतो, त्याला वेगळं कारण लागत नाही. हे १९७७ च्या मिम्स खटल्यात ठरलं, आणि त्या खटल्यातही फिलाडेल्फियात मुदत संपलेल्या नंबरप्लेटसाठी थांबवलेल्या माणसाच्या जॅकेटखाली रिव्हॉल्व्हर निघालं होतं.

कागदावर हे सोपं आहे. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात फाल्कन हाइट्सला एका शाळेच्या कॅन्टीनच्या सुपरवायझरची गाडी थांबवली. त्याच्याकडे परवाना होता. त्यानं शांतपणे, ‘सर’ म्हणत, सांगितलं की माझ्याकडे शस्त्र आहे. पुढच्या काही सेकंदांत पोलिसानं सात गोळ्या झाडल्या. बाजूला मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. मैत्रिणीनं लगेच फेसबुक लाइव्ह सुरू केलं, म्हणून जगानं ते पाहिलं. जून २०१७ मध्ये ज्युरीनं पोलिसाला निर्दोष ठरवलं. तो माणूस काळा होता. हे न सांगता हा किस्सा सांगणं म्हणजे अर्धवट सांगणं.

त्यामुळे शस्त्र असलेल्या गाडीत तुम्ही प्रवासी असाल आणि मागं लाल-निळे दिवे दिसले तर एवढं करा: हात मांडीवर किंवा डॅशबोर्डवर, दिसतील असे ठेवा. रात्र असेल तर ड्रायव्हरला आतला दिवा लावायला सांगा. पासपोर्ट, आय-२० बॅगेत असेल तर आधी तोंडानं सांगा, ‘बॅगेत आहे, काढू का?’, आणि हो म्हटल्यावरच हात घाला. खणाला तर हातच लावू नका, त्यात फक्त इन्शुरन्सचा कागद असला तरी.